कुंडलिकरावांची पाण्याखालची जमीन

कुंडलिकरावांना आयुष्यात कुणाचा सल्ला पटला असेल, तर तो त्यांचा स्वतःचा. पाटबंधारे खात्यात पाटकरी म्हणून सगळी नोकरी झाली. भल्याभल्या बागायतदारांना बांधावर उभं करून "उसाला किती पाजशील रं? ऊस हाय का म्हस?" असं झापायचं, हेच कामाचं खरं सुख. निवृत्त होऊन सोलापूरला शुक्रवार पेठेत मुलाकडे राहायला आले आणि झापायला कुणी उरलं नाही. बायको होती, पण विजयमालाबाईंना झापणं म्हणजे भरल्या पाटाला तळहातानं अडवणं. माझं तर म्हणणं आहे, अशा माणसांना निवृत्त करताना खात्यानं पाटाची एखादी चारी घरी न्यायला द्यावी.

ती कमतरता व्याह्यांनी भरून काढली. वैरागच्या उदयसिंहांनी नातीच्या, संस्कृतीच्या हौसेसाठी भली मोठी काचेची टाकी पाठवली. सोबत निळे खडे आणि प्लास्टिकची झाडं. वर फोन.

"पाव्हणं, खऱ्या झाडांच्या भानगडीत पडू नका. पाण्याखालची शेती तुमच्या बापजाद्यांनी केली न्हाय."

झालं. निळे खडे त्याच दिवशी तुळशीच्या कुंडीत गेले.

अडचण कोपऱ्याची होती. हॉलमधल्या ज्या कोपऱ्यात टाकी बसली, तो विजयमालाबाईंनी घरघंटीसाठी राखून ठेवला होता. घरच्या घरी दळण, हे त्यांचं जुनं स्वप्न. त्यांनी भांडण केलं नाही, करार केला.

"संस्कृतीच्या वाढदिवसाला पाव्हणे येतील. तोवर तुमची झाडं धरली आणि पाणी नितळ दिसलं, तर कोपरा तुमचा. नाहीतर टाकी गच्चीवर आणि घरघंटी हितं."

"मंजूर," कुंडलिकराव म्हणाले. जमिनीचं काम, त्यात हरायचं काय?

गल्लीच्या तोंडाशी गौसचं माशांचं दुकान. गौसनं त्यांच्यापुढं एक चकचकीत पिशवी ठेवली. "चाचा, ये लेव. तळाला टाकायची दाण्याची माती. बाहरका माल. झाडं कशी उठतील बघा."

कुंडलिकरावांनी दाणा चिमटीत चुरला, हुंगला, जिभेलाही लावला. गौसचा चेहरा कसनुसा झाला.

"ही भाजलेली माती हाय. वीटभट्टीतनं आणलीस काय? ह्यात झाड खाणार काय, कपाळ?"

"चाचा, तुम जमीन खरेदी नक्को करो. मच्छी का डब्बा है."

"आणि तुझ्या टाकीत प्लास्टिकची झाडं का रं, इतका माल चांगला हाय तर?"

गौसनं लगेच दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे तोंड केलं.

कुंडलिकरावांनी करकंबची एसटी धरली आणि घरच्या शेतातली काळीभोर माती पोतं भरून आणली. काळीत काय उगवत नाही? तिच्यात मुठीनं शेणखत कालवलं, टाकीच्या तळाशी थापलं, वर बादलीनं पाणी ओतलं, झाडं खोवली, गप्पी मासे सोडले. सगळं शास्त्रशुद्ध; शास्त्र तेवढं उसाचं.

काळी माती फुगली, उठली आणि खाली बसायचं नाव घेईना. गप्पी मासे बिचारे परत बादलीत गेले. विजयमालाबाई येता-जाता उभ्या राहायच्या.

"बघितलं की चहा आठवतो, अन् वास घेतला की गोठा," त्या म्हणायच्या आणि टेप घेऊन कोपरा मोजायच्या. कोपरा काही वाढत नव्हता. मोजण्यातली मजा वाढत होती.

अखेर कुंडलिकराव पुन्हा गौसच्या दुकानात शिरले. "माझा एक मित्र हाय. त्याच्या टाकीत जरा चिखल झालाय."

"अच्छा, मित्र," गौस म्हणाला. हसला नाही, याबद्दल त्याला सवाब, पुण्य म्हणा, मिळायला हवा. "तुमच्या मित्राला बोला, शेणखत बिलकुल नक्को. काळी मातीचा पातळ थर. त्याच्यावर चाळलेली, धुतलेली वाळू, जाड. मग बशी ठेवून तिच्यावर हळू पाणी सोडा. आणि एकदा झाकलं की बोट घालायचं नाय. काळी माती म्हणजे सासूचा राग, चाचा. झाकलेलाच बरा."

वाळू नदीचीच हवी म्हणून पुन्हा करकंबकडे फेरी. परतीच्या एसटीत कंडक्टरनं पायानं पिशवी सरकवून बघितली, सरकली नाही.

"आजोबा, काय हाय ह्यात?"

"वाळू."

अख्ख्या एसटीनं माना वळवल्या. मग मागून कुणीतरी म्हणालं, "डंपर परवडंना व्हय, आजोबा?" दुसरा म्हणाला, "पुढं तहसीलदाराचं पथक असतंय, पिशवी मांडीवर घ्या, नातू हाय म्हणून सांगा." जन्मभर लोकांना पाणीचोर म्हणणारा माणूस वाळूचोर होऊन सोलापूरला उतरला.

घरी त्यांनी वाळूवर लिंबू पिळलं. फेस आला तर चुनखडी आहे, तशी वाळू चालत नाही, हेही गौसनंच त्या मित्राला सांगितलं होतं. "भेळ करताय का?" विजयमालाबाईंनी विचारलं. फेस आला नाही. मग टाकी उपसून गौसनं सांगितले तसे थर दिले.

आणि काय सांगावं, जमलं! पाणी निवळलं. लांब पात्याच्या झाडांना बाजूनं पिलं फुटली. गप्पी मासे पात्यांतून लपंडाव खेळू लागले. कुंडलिकराव खुर्ची टाकून समोर बसायचे, शेतकरी बांधावर बसतो तसे. विजयमालाबाईंनी टेप खणात टाकला आणि दळण पुन्हा गिरणीत धाडलं.

इथं थांबायला हवं होतं. पण तीन पिढ्यांचं रक्त थांबतं का? पीक उभं राहिलं की हात खुरप्याकडे जातोच. वाढदिवसाच्या सकाळी कुंडलिकरावांना वाळू दाबून बसलेली दिसली. मुळांना हवा कुठून मिळणार? त्यांनी स्वयंपाकघरातून काट्याचा चमचा आणला आणि एका झाडाभोवती हलकेच खुरपलं. बुडबुडे आले. बरं वाटलं. मग एकच झाड खुरपलेलं वाईट दिसतं म्हणून पुढचं. मग सगळी ओळच.

सासूचा राग वर आला. बघता बघता टाकीत मुरमी रस्त्यावरचं डबकं झालं, आणि नेमकी तेव्हाच दाराची घंटी वाजली.

"पाव्हणं, कुठंय तुमची बाग?" उदयसिंह चपला काढता काढता म्हणाले.

कुंडलिकराव टाकीला पाठ लावून उभे. "आवर्तन सोडलंय. आज पाणीपाळी हाय, पयलं पाणी गढूळच येतं."

"खुरपलंत ना?" विजयमालाबाई स्वयंपाकघरातून. "काट्याचा चमचा चिखलानं भरलाय. करार लक्षात आहे ना? घरघंटीच्या दुकानात फोन करते मी."

उदयसिंहांनी चष्मा काचेला टेकवला. आता हा माणूस हसणार आणि कोपरा जाणार, कुंडलिकरावांनी मनाशी धरलं. उदयसिंह हसले नाहीत. बाही वर सारू लागले.

"खुरपलंत ते बराबर केलंत. मुळाला हवा पायजे."

"तेच की!"

"पर नुसतं खुरपून काय? मातीची भर कोण देणार? सरका."

हात कोपरापर्यंत आत गेला. मग दुसरा. मग कुंडलिकरावांचेही. "अलगद, अलगद! मूळ उघडं पडंल." "मला शिकवू नका, पाव्हणं, द्राक्षं लावलीत म्या." संस्कृती दोनदा केक म्हणून ओरडली, दोन्ही आजोबांना ऐकू आलं नाही.

"निकाल काय?" विजयमालाबाईंनी कंबरेवर हात ठेवून विचारलं.

"इहीणबाई, पीक जोमात हाय," उदयसिंह वर न बघता म्हणाले. "पाणी काय, उद्या निवळंल. ह्याला हलवू नका, धरलेलं मूळ तुटंल."

"पंचच फितूर," त्या म्हणाल्या. फरशीवरचा चिखल पाहिला, दोघांकडे पाहिलं आणि सुनेला हाक मारली. दोघींनी मिळून भिंतीकडचा दिवाण ओढून गॅलरीत लोटला. रिकाम्या जागी टेप लावला. घरघंटी आरामात बसत होती.

उदयसिंहांचे हात पाण्यातच थांबले. "अवो, त्या दिवाणावर मी निजतो की! मी कुटं निजायचं?"

"बांधावर," विजयमालाबाई म्हणाल्या. "पिकाची राखण करा."

घरघंटी आली. पुढच्या खेपेला उदयसिंह आले ते सतरंजी आणि लहानसं खुरपं घेऊन. विजयमालाबाईंनी सतरंजी घरात घेतली. खुरपं दारातच काढून घेतलं.