फाटकावरचा ताप

लालसिंगला एका जागी बसणं कधी जमलंच नाही. वाशीमच्या धर्मादाय दवाखान्यात चौकीदार म्हणून लागला तेव्हा फाटकाशी त्याच्यासाठी एक स्टूल ठेवलं होतं, पण त्यावर त्याचा पटकाच पडलेला असे. स्वतः तो येरझारा घालत राही. सत्तावन्नच्या उन्हाळ्याअखेरीस फ्लूची साथ आली आणि या येरझारा दुपटीने वाढल्या.

आधी शहरातली माणसं पडली, मग अनसिंगकडून बैलगाड्या यायला लागल्या. पंधरा दिवसांत दवाखान्याच्या ओसरीवरही पथाऱ्या पसरल्या. डॉक्टरसाहेबांनी दोन्ही चौकीदारांना बोलावून बजावलं, की रोग्याबरोबर एकच माणूस आत सोडायचा, नाकातोंडाला उकळलेलं फडकं बांधायचं आणि कोणाला हात लागला की तो साबणाने धुवायचा. गडू आणि चिलीम ज्याची त्याने वेगळी ठेवायची. "आणि अंगात कणकण वाटली तर लगेच मला सांगायचं. तापात फाटकावर उभं राहायचं नाही."

दुसरा चौकीदार खेमा हा लालसिंगच्याच बंजारा तांड्यावरचा, किन्हीराजा गावाकडचा. दोघं ढोरं चारत एकत्र वाढलेले. पाळी बदलताना एकाच चिलमीचे दोन झुरके मारायचे, ही त्यांची आठ वर्षांची रीत. लालसिंगने ती दुसऱ्याच दिवशी मोडली.

"आन इकडं," खेमाने हात पुढे केला.

"नाई देत. साहेबानं सांगतलं ना."

"साहेबाचं राहू दे. मले कुठी ताप हाय?"

"तुले नसंल, मले असंल. अठरा सालच्या मानमोडीच्या साथीत आमच्या बुढीच्या माहेरची चार माणसं गेली. बुढी सांगते, एकाच गडूनं पाणी पेत होते सारे."

खेमाने हात मागे घेतला. "गावातले लोक आपल्याले वरून पाणी ओततात, ते समजते मले. आता तूबी?"

लालसिंगला ते लागलं. पण चिलीम त्याने दिली नाही. उलट दिवसेंदिवस तो जास्तच कडक झाला. खेमाच्या नखांत माती दिसली की त्याला पुन्हा हात धुवायला पिटाळी. स्वतःचे हात तर इतके धुवी, की बोटांच्या पेरांवरची कातडी सोलवटली. तरी समाधान नाही. जेवायला बसला तरी वाटे, आज कोणाचा तरी हात लागला आणि धुवायचा राहिला. खेमा बोलेनासा झाला. पाळी संपली की काठी टेकवून मुकाट निघून जाई.

आणि ताप आला तो लालसिंगलाच.

सकाळी उठताना पाठ दुखत होती. फाटकावर उभा राहिला तर भर उन्हात थंडी वाजू लागली. डॉक्टरसाहेब वीस पावलांवर बसले होते. पण त्यांना सांगायचं म्हणजे खेमाला बोलावणं जाणार, आणि खेमा हसणार. इतके दिवस ज्याला नखं दाखवायला लावली, त्याच्यासमोर हुडहुडत कसं जायचं? दुपारपर्यंत बघू, म्हणत तो तसाच उभा राहिला.

तेवढ्यात वाशीमजवळच्या मालेगावचे कापडदुकानदार उत्तमचंद शेठ यांची बैलांची दमणी फाटकाशी थांबली. आत त्यांच्या पत्नी जतनबाई. पायाला मोठं गळू, पाऊल टेकवेना. "अरे, जरा हात दे," शेठ म्हणाले. लालसिंगने बाईंना उचलून उतरवलं. तोंडावरचं फडकं केव्हाच खाली घसरलं होतं. बाईंच्या खांद्याशीच त्याला खोकल्याची उबळ आली.

त्यांना ओसरीवर बसवून तो परतला आणि तासाभरात स्वतःच फाटकाशी कोसळला.

नऊ दिवस तो आत खाटेवर होता. खेमाने दोन्ही पाळ्या एकट्याने केल्या. लालसिंगची आई धनीबाई आली, तेव्हा तिला लागण होऊ नये म्हणून त्याने फाटकावरच थांबवलं आणि भाकरीचं गठुडं तेवढं आत पोचवलं.

ताप उतरला, पण जतनबाई डोक्यातून उतरेनात. गळू कापून त्या त्याच दिवशी मालेगावला परतल्या होत्या. पुढचं कोणालाच ठाऊक नव्हतं. डॉक्टरसाहेबांनी आठवडाभर विश्रांती सांगितली, तर लालसिंगला घर खायला उठलं. शेवटी कामावर जायच्या आदल्या दिवशी त्याने मालेगावची मोटार पकडली.

उत्तमचंद गादीवर बसले होते. लालसिंग दुकानाच्या पायरीखालीच थांबला.

"शेठजी, बाईंची तब्येत कशी हाय?"

"आता बरी हाय. वाशीमहून आली अन् तिसऱ्या दिवशी ताप भरला. लय वाईट दिवस काढले. पण तू काहून विचारून राह्यला?"

लालसिंग म्हणाला, "त्या दिवशी मले ताप होता. तसंच मी बाईले उचललं. मले ठाऊक होतं."

शेठ ताडकन उठले. "ठाऊक होतं? अन् तरी फाटकावर उभा होता? रोग आत जाऊ नये म्हणून तं तुले ठेवलं तिथं!"

आवाज ऐकून जतनबाई भिंतीला धरत आतल्या दारात आल्या. गालफडं पार बसली होती.

"ओरडू नका," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "शेजारी पूनमचंदच्या घरी तं आपण वाशीमले जायच्या आधीपासून ताप होता. मले कोणाचा लागला, कोण सांगंल?" मग लालसिंगकडे वळल्या. "पण तुहाबी असंल. तवा काहून नाई सांगतलं?"

"लाज वाटली, बाई."

"लाज!" त्या एवढंच म्हणाल्या आणि चौकटीला टेकून दम घेऊ लागल्या.

दुसऱ्या दिवशी पाळी बदलताना लालसिंगने खेमाला सगळं सांगितलं. "तू हसशीन म्हणून मी चूप राह्यलो."

"हसलोच असतो," खेमा म्हणाला. "पण पाळी केली असती."

श्रावणात खेमाला शिंका सुरू झाल्या. तो फाटकावर आलाच नाही. सरळ आत जाऊन डॉक्टरसाहेबांसमोर उभा राहिला. चार दिवस लालसिंगने दोन्ही पाळ्या ओढल्या. साथ पुढे ओसरली. पण मालेगावकडून गाडी आली, की अजूनही आत कोण आहे ते बघायला तो धावत पुढे जाई.