धाकट्याची बैठक

माझ्या धाकट्या भावाला लहानपणी एका जागी बसता येत नसे, आणि मोठेपणी त्याने बसण्याचंच काम पत्करलं. ब्रह्मा घाटावर आमचे आबा मुलांकडून वेद पाठ करून घेत. हा दुसऱ्या ओळीला उठून गल्लीत. पुढे रेल्वेची नोकरी लागली, तीही सोडली आणि थायलंडच्या रानात जाऊन भिक्खू झाला.

परतल्यावर सारनाथला उतरायचा. पावसाळा संपला की दिवाळीत आमच्या दाराशी भिक्षापात्र घेऊन उभा. शेजारीण म्हणाली, "भंते म्हणा हो." मी म्हटलं, "याचं नाक मी पुसलंय. भंते कसला?" तो हसला.

दिवसातून एकदाच जेवायचा, तेही बाराच्या आत. मी विचारलं, "हे खूळ काढलं कुणी?"

"ताई, तिथेही विहारात बसून भिक्खू पोथ्याच पाठ करत होते. त्यातले दोघे-चौघे उठले. म्हणाले, बुद्ध झाडाखाली बसला, मग आपण छपराखाली का? रानात गेले. आमचे गुरुजी त्यांच्यातलेच."

"आणि वाघ?"

"यायचा की. ते आपल्या भीतीकडे बघत बसायचे."

"मग वाघाकडे कोण बघायचं?"

गेल्या भाऊबीजेला टिळा लावायला मी कुंकवात बोट बुडवलं, तर हा मागे सरकला. बाईचा स्पर्श चालत नाही, सख्ख्या बहिणीचाही. शाल द्यायला गेले, तर पुढ्यात फडकं पसरून म्हणाला, "यावर ठेव." ठेवली कसली, आपटलीच.

सारखा खोकत होता. डॉक्टरांनी हिवाळाभर घरात राहायला सांगितलं होतं. म्हटलं, "वरची खोली झाडून ठेवलीय."

"रानात जातोय, ताई."

"आणि मेलास तर?"

भिक्खू झाल्यापासून त्याने माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. त्या दिवशी मागितलं. "माझं तेरावं करू नकोस."

आमच्या घरात कुणाचं तेरावं चुकलेलं नाही. मी हो म्हटलं नाही. तो गेला.

चैत्रात सारनाथहून एक भिक्खू सांगायला आला. धाकटा रानातच वारला होता, तिथल्यांनीच अग्नी दिला. गल्लीतले भटजी लगोलग आले. "आजी, दिवस करून टाका. नाहीतर आत्मा भटकत राहील."

"भटकू दे," म्हटलं आणि दार लावलं. मग दुपारभर त्या वरच्या खोलीचा जिना चढत-उतरत राहिले.