जाईचा खोडवा

आमचे मामा, म्हणजे माझे सासरे नानासो, फौजेतून हवालदार म्हणून रिटायर झाले, मलकापुरात बंगला बांधला आणि बागेवर तुटून पडले. माणूस देवासारखा, पण पिढ्यान्‌पिढ्या ऊस केलेल्या घरातला. ऊस जमिनीलगत तोडला की त्याच खोडातून पुन्हा पीक येतं, तो खोडवा. मामांच्या मते जगातल्या प्रत्येक झाडाला हाच नियम लागू.

गेल्या वर्षी आत्यांचा, म्हणजे सासूबाईंचा, कलमी गुलाब त्यांनी कोयत्यानं भुईसपाट केला. महिन्यात हातहातभर फुटवे आले. मामा गल्लीतल्या माणसांना बोलावून दाखवायचे, "बघा, खोडवा कसा लागलाय." कलमाच्या खाली तोडल्यावर दुसरं काय येणार, रानगुलाबच आला. वर्षभर शेणखत खाल्लं मेल्यानं, फूल एक नाही, काटे मात्र लय. आत्यांनी आठवडाभर अबोला धरला आणि मी दोघांचे निरोप पोचवून पोचवून अर्धी झाले.

यंदा पाळी आली जाईची. वेल गच्चीवरून विजेच्या तारेकडं झेपावली. वायरमन सांगून गेला, "सोमवारपर्यंत मागं घ्या, न्हाईतर मी बुडातनं काढीन." ही जाई आत्यांनी जतहून, माहेरच्या अंगणातून, ओल्या फडक्यात काडी गुंडाळून आणलेली. तिथल्या घराला आता कुलूप आहे, माहेर म्हणून उरली ती एवढी वेल. आत्यांचा जीव नुसता टांगणीला लागला.

"कोयता लावला तर मी जतला निघून जाईन," त्या म्हणाल्या.

"आगं, तितं कोण हाय आता?"

"म्हणून तर जाईन."

मामा इरेला पेटले. कराडातून एकेक हत्यार येऊ लागलं. शनिवारी सकाळी कुंपण कापायची मोठी कातर आली, तिनं काड्या तोडण्याऐवजी चिरडल्या. दुपारी दोरी ओढून चालवायची लांब दांड्याची आली, तिनं वेलीऐवजी माझी वाळत घातलेली साडी पकडली. संध्याकाळी बॅटरीवरची करवत. ती अंगणात सुरू झाली तशी शेजारचे आकारामकाका चपला सोडून पळाले. हसून हसून माझ्या पोटात दुखायला लागलं. आत्या मात्र हात पसरून वेलीपुढं उभ्या होत्या, त्यांना बघून मी हसू आवरलं.

रविवारी मामांनी सगळी हत्यारं गच्चीवर ओळीनं मांडली. "दीपमाला, तूच सांग, कुठलं घिऊ?" मी काय कप्पाळ सांगणार, मी पतसंस्थेत कारकून.

तेवढ्यात आत्या वर आल्या. हातात वीतभर कातर, मुठीवरचा रंग पार उडालेला. पदर खोचला, शिडी भिंतीला लावली आणि तारेपासून लांबच्या बाजूनं चढल्या. फांदी दोन बोटांत धरायची, डोळ्याच्या, म्हणजे कोंब फुटतो त्या जागेच्या, वर तिरका काप, की पुढची. वाळलेली, एकमेकींत अडकलेली, तेवढीच नेमकी खाली पडत होती. तारेकडं गेलेले शेंडे त्यांनी मागच्या बाजूनं धरून अलगद मागं ओढले. आम्ही दोघं आ वासून बघत राहिलो.

"हे कुटं शिकलीस गं?" मामांनी विचारलं.

"लगीन व्हायच्या आधी चार वरसं तासगावकडं द्राक्षाच्या छाटणीला जात हुते. अवघड बाग असली की मुकादम मलाच पुढं घालायचा."

"अडतीस वरसं झाली आपल्या लग्नाला. मला म्हाईतच न्हाई."

"तुमी इचारलं कवा?"

मामांचे कान लाल झाले. सीमेवर उभा राहिलेला माणूस, पण त्या क्षणी त्यांना कुठं बघावं कळेना. मग त्यांनी पुढं होऊन शिडी दोन्ही हातांनी घट्ट धरली.

"आता इचारतो," ते वर बघून म्हणाले. "पयल्या दिसापास्नं सांग."

आत्या छाटत राहिल्या आणि सांगत राहिल्या. दुपारचं जेवण मी दोघांना गच्चीवरच नेऊन दिलं.