अक्का गातात, नाना झील धरतात

शिंदखेड्याच्या बाजारात वच्छलाअक्का आपल्या नवऱ्याशी गाण्यात बोलायच्या. नाना चाकाच्या खुर्चीत, अक्का खुर्चीमागे, आणि भर गर्दीत चाल लावून सवाल, "चहा लेतस का पानी लेतस, सांगा ना धनी सांगा." भाजीवाल्या तोंडाला पदर लावायच्या. अक्कांच्या आवाजाला सूर कधी शिवलेला नव्हता, हे मी प्रेमानेच सांगतो. पण लाज नावाची चीज त्यांच्यापाशी उरली नव्हती. एकदा मी जरा दबकत विषय काढला, तर म्हणाल्या, "लाज धरीसन काय करू, भाऊ? लाज बोलस का मन्हासंगे?"

मी नरडाण्याच्या एका कारखान्यात सुपरवायझर. दिवसभर यंत्रांची घरघर ऐकून कान किटतात, म्हणून शनिवारी संध्याकाळी शिंदखेड्याला बैठकीला जातो. बैठक म्हणजे एका बंद गोदामात जमणारी आम्ही दहाबारा माणसं, एक डफ, एक तुणतुणं आणि माझी झांज. ती मी नको तिथे वाजवतो, यावर बैठकीत मतभेद नाहीत. माईक नाही, स्पीकर नाही. हा नियम दगाजीनानांचा, म्हणजे अक्कांच्या यजमानांचा. लग्नातल्या डीजेपायी गावात कोणाचं गाणं कोणाला ऐकू येईना, तेव्हा नाना इरेला पेटले आणि त्यांनी ही बैठक काढली. "ज्याले माईक लागस त्याले गाना येस नही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पुढे नाना गाणार, मागे आम्ही झील धरणार. त्यांनी ओळ टाकली की तिचं शेवटचं टोक उचलायचं आणि सुरात परत द्यायचं, एवढंच आमचं काम. नानांनी स्वतः जन्मात झील धरली नव्हती. त्यांना तो मान कमी वाटायचा.

मग अर्धांगवायूचा झटका आला. नानांची उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. काहीही विचारा, तोंडातून नुसतं "हा, हा" निघायचं. काही महिन्यांनी अक्का त्यांना रिक्षात घालून बैठकीला घेऊन आल्या, तेवढाच जिवाला विरंगुळा म्हणून. आम्ही चोरट्यासारखं एक जुनं गाणं काढलं. झिलेची जागा आली आणि नानांनी झील धरली. स्वच्छ शब्द, पक्का सूर. तुणतुण्यावरचे हिंमतभाऊ थांबले, मी थांबलो, नाना एकटेच गात राहिले. अक्का दाराशी बसल्या होत्या. त्या उठून जवळ आल्या आणि त्यांनी नानांच्या तोंडाकडे असं पाहिलं की मला ते बघवलं नाही.

धुळ्याच्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं. बोलणं गेलं तरी पाठ असलेलं गाणं कधी कधी उरतं, पण त्यावरून वाचा परत येईल असं धरून चालू नका. अक्कांनी पहिलं तेवढं उचललं आणि दुसरं दवाखान्यातच ठेवून आल्या. "गाणामा शेतस ते," त्या आम्हाला सांगायच्या. "मी त्यासले तठून भायेर काढसू."

बाहेर काढायचं ते गोड गप्पांसाठी नव्हतं. नानांना कुठेतरी दुखत होतं. जेवता जेवता चेहरा पिळवटायचा, डाव्या हाताची मूठ वळायची, डोळ्यांतून पाणी यायचं. जळगावला तपासण्या झाल्या, धुळ्याला झाल्या, कशात काही निघालं नाही. कुठे दुखतं विचारलं की नानांचा हात कधी पोटाशी, कधी गळ्याशी, कधी नुसता हवेत. अक्कांना एक शब्द हवा होता. पोट म्हणा, छाती म्हणा, म्हणजे डॉक्टरांपुढे ठेवता आला असता. "उभा जलम मी त्यासनं न सांगता वळखं," त्या म्हणायच्या. "आते वळखता येस नही मालेबी."

म्हणून शनिवारी आमचं गाणं थांबवून अक्का पुढे बसायच्या, नानांच्या हक्काच्या जागी, आणि त्यांच्याच चालीत विचारायच्या, "कोठे दुखस मन्हा धनीले, सांगा ना आते सांगा." नाना तत्परतेने झील धरायचे, "सांगा ना आते सांगा." अक्का पुन्हा. नाना पुन्हा. झीलकऱ्याचं काम ते चोख करत होते. बाई जीव तोडून सवाल टाकत होती आणि नवरा तोच सवाल सुरात परत करत होता. मी झांज मांडीवर ठेवून खाली बघत बसायचो.

हिंमतभाऊंना एक युक्ती सुचली. "अक्का, सवाल शेवटले ठेवू नका. जवाब शेवटले ठेवा." आम्हा सगळ्यांना ते एकदम पटलं. अक्कांनी ओळ फिरवली, "दुखस मन्हा धनीनं पोट." नाना म्हणाले, "पोट." अक्कांनी माझा दंड धरला, इतका घट्ट की दुखला. क्षणभर गोदामात सगळ्यांचे चेहरे फुलले. मग डफवाला हळूच म्हणाला, "छाती म्हनी देखा." अक्कांनी छाती म्हटलं, नानांनी छातीही तितक्याच गोडीने परत दिली. डोकं दिलं, पाठ दिली, गुडघा दिला. अक्का एकेक अवयव घेत गेल्या, आवाज चिरकत गेला, आणि नाना कशालाच नाही म्हणेनात. शेवटी अक्कांनी "दगड" म्हटलं. नानांनी "दगड" म्हटलं.

तरी त्या येत राहिल्या. दिवसेंदिवस अक्का वाळत चालल्या होत्या, आणि बैठकीला माणसं कमी येऊ लागली होती. एका शनिवारी हिंमतभाऊच म्हणाले, "अक्का, आठे दवाखाना व्हयी गया. आज आम्हले गाऊ द्या." माणूस वाईट नाही. त्यालाही ते सोसवत नव्हतं. अक्कांनी हात जोडले. "एक डाव, भाऊ. एकच डाव."

त्यांनी चाल धरली, "कोठे दुखस मन्हा धनीले..." आणि पुढचे शब्द बाहेर पडेनात. तोंड उघडं राहिलं, ओळ अर्ध्यात तुटली. झिलेला उचलायला काही उरलंच नाही. डफ थांबला. नानांनी मान वर केली आणि सूर लावला, पूर्वी पुढे बसून लावायचे तसा चढा.

"आते पुरे व... आते पुरे."

आता पुरे गं, एवढाच त्याचा अर्थ. आमच्याकडे घरच्या बाईला 'व' म्हणूनच हाक मारतात. नाना घामाने भिजले होते आणि अक्कांकडे बघत होते. अक्कांनी पदराने त्यांचं तोंड पुसलं, अंगावरची शाल सारखी केली आणि खुर्ची ढकलत बाहेर नेली. आम्ही त्या संध्याकाळी पुढे गायलो नाही.

त्यानंतर अक्का बैठकीला आल्या नाहीत. तपासण्याही त्यांनी थांबवल्या. बाजारात दोघं दिसायची, पण अक्का गप्प. मला वाटायचं जाऊन म्हणावं, गा हो अक्का, हसू दे लोकांना. नाना पावसाळा सरता सरता गेले. त्यांना कुठे दुखत होतं ते कोणालाच कळलं नाही.

मी दारावर बसायला गेलो. मी आपला सतरंजीचा दोरा ओढत बसलो. अक्का भिंतीला टेकून होत्या. आजूबाजूच्या बाया उठून आत गेल्या तेव्हा त्यांनी मला जवळ बोलावलं.

"भाऊ, तुमले बठ्ठा गाना ठाऊक शेतस. त्यामा कोठे 'पुरे व' असं शे का?"

मी नीट आठवून पाहिलं. खोटं सांगून त्यांचं भलं होणार असतं तर सांगितलंही असतं, पण कोणतं उत्तर भलं तेच मला कळत नव्हतं. "नाही अक्का," मी म्हटलं. "कोणत्याच गाण्यात नाही."

त्यांनी मान हलवली.

"मंग ती झील नव्हती. ते मन्हासंगे बोलनात." माझ्याशी बोलले, असं त्या म्हणत होत्या. पदराचं टोक त्यांनी तोंडात धरलं, सोडलं. "इतला दिन गाई गाई इचारं, भाऊ. नि बोलनात ते, माले पुरे म्हनात."