मुग्लिंगला विसरलेला डबा

पासपोर्ट न लागणारा परदेश, एवढ्या एकाच कारणावरून मी नेपाळ ठरवलं. गोष्ट ऐंशीच्या दशकातली. मी विक्रोळीच्या एका कारखान्यात टायपिस्ट होते. बाबांना जाऊन वर्ष झालं होतं आणि आई चाळीचा जिना उतरायला तयार नव्हती. पंधरा दिवसांची रजा मिळाली तशी तिला न विचारता दोन तिकिटं काढून आणली. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी चटणीसाठी खोबरं भाजायला बसली, तेव्हा मी समजले की बाईसाहेब येणार.

गोरखपूरपर्यंत रेल्वे, पुढे बसने सोनौलीची सीमा, तिथून काठमांडू. अंगाचा खुळखुळा होतो, पण स्वस्तात पोचवतात. पशुपतिनाथाचं दर्शन घेऊन आई जरा खुलली. देव आपलेच आहेत, थंडी तेवढी परकी, असं तिचं मत पडलं.

चौथ्या दिवशी पोखऱ्याची बस धरली. जाणार असाल तर उजवीकडची खिडकी मागून घ्या, नदी तिकडूनच सोबत करते. अर्ध्या वाटेवर मुग्लिंग नावाचं गाव लागतं आणि सगळ्या बसगाड्या तिथे जेवायला थांबतात. डाळभात हवा तितका वाढतात. खाणावळीची मालकीण, तिला सगळे साहुनी म्हणत, आईच्या वयाची होती. आईने पिशवीतून स्टीलचा डबा काढून तिच्या भातावर चमचाभर लसणीची चटणी घातली. भाषा नसताना दोघी खूप वेळ हसत होत्या. तेवढ्यात बसने भोंगा वाजवला आणि आम्ही धावत सुटलो.

पोखऱ्याच्या लॉजवर पिशवी उघडली, तर डबा नव्हता. जाऊ दे, चटणीच तर होती, मी म्हटलं. आई पलंगावर बसली. मग हळूच म्हणाली, "खाली पाटल्या होत्या."

चाळीतल्या कुलपावर तिचा भरवसा नव्हता, म्हणून तिच्या आईने, माझ्या आजीने, लग्नात घातलेल्या पाटल्या तिने कापडात बांधून चटणीच्या तळाशी ठेवल्या होत्या. चटणीत कोण हात घालणार, हा तिचा हिशेब. मी चिडले. नाही नाही ते बोलले. बाबा असते तर असं झालं नसतं, इथपर्यंत गेले. त्याची आजही लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुग्लिंगला परत कसं जायचं ते विचारायला खाली आले, तर दारात एक बस कंडक्टर उभा. "यहाँ कोई इंदू है?" मी म्हटलं नाही. तो पुढच्या लॉजकडे गेला. माझ्या डोक्यात पाटल्या; कोण कुठली इंदू.

वर येऊन आईला बसची वेळ सांगितली आणि बोलता बोलता म्हटलं, सकाळी सकाळी कोणीतरी इंदूला शोधतोय.

आई उठून उभी राहिली. घाबरली की ती मालवणीवर यायची. "गो, ता माझाच नाव."

माझी आई शालिनी. रेशनकार्डावर शालिनी, बाबांच्या हाकेत शालिनी. लग्नात नाव बदललं हे मला ठाऊक होतं, पण आधी काय होतं हे मी कधी विचारलंच नव्हतं. आणि तो डबा तर लहानपणापासून आमच्या कपाटात होता. त्यावर कोरलेलं होतं, 'चि. सौ. कां. इंदू हिस आईकडून'. घरातल्या निम्म्या भांड्यांवर कोणाकोणाची नावं असतात, वाचतं कोण?

वाचलं ते साहुनीने. त्यांची लिपी आपलीच. बाकीचं तिला कळलं नाही, पण इंदू हे बाईचं नाव हे कळलं. डबा तिने पोखऱ्याच्या पुढच्या बसच्या कंडक्टरकडे दिला आणि बजावलं, डब्याचं नाव काढू नकोस, जी स्वतःला इंदू म्हणेल तिलाच दे. हे सगळं त्याने आम्हाला बसस्थानकावर सांगितलं. तो आपल्या बसकडे परतला असेल म्हणून आई तिथवर अनवाणीच धावली होती. त्याने आधी नाव विचारलं.

"इंदू," आई म्हणाली. पहिल्यांदा नुसतं पुटपुटली. दुसऱ्यांदा चांगलं मोठ्याने म्हणाली.

पाटल्या तळाशी होत्या, कापडाला तेल सुटलेलं. आई डबा छातीशी धरून रडली. तीस वर्षांत त्या नावाने कोणी हाक मारली नव्हती, आजीनंतर कोणी नाही. मी माफी मागितली. तिने माझ्या डोक्यावर नुसता हात ठेवला.

परतताना सोनौलीची सरळ बस सोडून आम्ही मुद्दाम मुग्लिंगवरून आलो. वळसा पडतो, पडू दे. आईने पाटल्या हातात घातल्या होत्या आणि उरलेली सगळी चटणी तिने साहुनीच्या बरणीत ओतली. साहुनीने डबा रिकामा परत दिला नाही. त्यांच्याकडची वाळवलेली पालेभाजी भरून दिली.

विक्रोळीला पोचलो. शेजारीण विचारत होती, परदेशातून काय आणलंत? माझे दोन्ही हात सामानात अडकलेले, किल्ली आईकडे. मी जिन्यातूनच हाक मारली, "इंदू, दार उघड गं."

शेजारीण कोण इंदू म्हणून इकडेतिकडे बघायला लागली. आईने वरून ओ दिली.