गुणाची वीत

बायजाच्या मागावर दोन वर्षं एकच लुगडं अडकून पडलं होतं. खानापूरकडच्या विणकराची ही लेक लग्न होऊन कुंभारवाड्याच्या रानात आली. नवरा गेल्यावर तिनं पडवीत खड्डा खणून माग मांडला आणि त्यावर स्वतःचं नि एकुलत्या एका लेकीचं, गुणाचं, पोट भरलं. आसपासच्या वाड्यांतल्या बायका तिचीच लुगडी नेसायच्या.

बायजाच्या माहेरची एक रीत होती. सासरी गेलेल्या लेकीचं पहिलं लुगडं आईनं विणायचं, पण शेवटची वीत लेकीनं येऊन विणायची. मगच ते मागावरून उतरायचं. गुणा बाजारकुणंगला दिली, त्याच पावसाळ्यात बायजानं वीतभर सोडून सगळं विणलं आणि वाट बघत बसली.

आता माग एक, त्यावर उभ्या सुताचा ताणा एक. तो उतरल्याशिवाय दुसरा चढतोय कुठला? रामनगरचा बाबुराव सूत घेऊन यायचा नि तसंच परत न्यायचा. वीतभर तूच विण नि मोकळी हो, कोण बघतंय, म्हणायचा. त्याला काय जातंय बोलायला! बायजा लोकांची भातं लावायला गेली, मोळ्या वाहिल्या, एक वेळ पेजेवर काढली, पण धोट्याला हात लावला नाही. लुगडं उतरलं की गुणाला माहेरी यायला निमित्तच उरायचं नाही, ही धास्ती तिच्या मनात बसली होती.

गुणाच्या सासरी दर खेपेला काहीतरी निघायचं. कधी सुगी, कधी सासऱ्याचं दुखणं. यंदा तिला दिवस गेल्याचं कळलं, तेव्हा मात्र बायजानं हौसेनं पडवी सारवली. पहिलं बाळंतपण माहेरीच, आता कोण अडवतंय?

आला तो जावई झिलू, एकटाच. सातवा महिना, वाटेत रान नि नदी, म्हणून आई पाठवत नाही, ओटी तिकडंच भरणार, लुगडं तेवढं हवंय, असं त्यानं मान खाली घालून सांगितलं. भला पोरगा. बायजाला भांडताही येईना नि रडताही येईना.

"बसा. उतरवून देते," ती म्हणाली.

ती खड्ड्यात उतरून मागावर बसली. गुणाचा ठोका पहिल्यापासून हलका, वीण सैल. असलं कापड पाणी गाळायलाच बरं, म्हणून बायजा तिला किती टोचून बोलायची! आज तिला तसलंच सैल विणायचं होतं. चार बोटं विणली, तर घट्ट. उसवली. पुन्हा विणली, पुन्हा घट्ट. तिसऱ्यांदा ठोका अगदी अलगद दिला, तरी तीस वर्षांचा हात काही ऐकेना. शेवटी तिनं तशीच वीत पुरी केली, लुगडं कापलं, घडी घालून झिलूच्या हातात दिलं.

"गुणाला सांगा, शेवटची वीत म्या विणली. तिच्यावानी कराय गेले, पर मला न्हाई जमली."