उकळलेली हिवा

भूत, झपाटणं, अंगात येणं... असलं कुणी सांगू लागलं की मी सरळ चहा टाकायला उठते. तरीही हे लिहितेय, कारण घडलं ते इंग्लंडमध्ये, माझ्याच ब्रॅकनेलच्या फ्लॅटमध्ये, शनिवारी भरदुपारी, २००२ साली.

माझे सासरे नागपूरला वारले, तेव्हा आमचे पासपोर्ट व्हिसा एक्स्टेन्शनसाठी पाठवलेले होते. माझा नवरा मंदार जाऊ शकला नाही. एकुलता एक मुलगा! त्या दिवसापासून त्याने बोलणंच सोडलं. तीन आठवडे — एक शब्द नाही. आमचा जीपी डॉक्टर म्हणाला, वेळ द्या. किती वेळ? मी बाथरूममध्ये नळ सोडून रडायचे.

माझ्या ऑफिसात केओला नावाचा हवाई बेटांवरचा माणूस होता. मंदारचं ऐकून त्याने वाळलेल्या मुळ्यांची पुडी दिली. हिवा — ‘कावा’ नावाच्या झाडाची काळ्या देठाची जात, तिच्या मुळ्यांचं पेय त्यांच्याकडे पूर्वी देवाला वाहायचे. जीभ बधिर होते, अंग सैल पडतं, डोकं मात्र साफ राहतं म्हणे. कुटून गार पाण्यात कालव, फडक्यातून पिळून दे, असं त्याने दोनदा बजावलं. मी मान डोलावली आणि घरी येऊन सवयीने सुंठ-गूळ घालून, पाणी निम्मं होईपर्यंत उकळलं. आपल्याकडे मुळी म्हटली की काढाच!

मंदार तो निमूट प्यायला. बधिर झाल्यासारखे ओठ चोळत राहिला. आणि बोलला...

“बाबा विचारत होते, मंदार आला का? आई म्हणाली, हो, विमान उतरलंय, टॅक्सीत बसलाय. मग बाबांनी डोळे मिटले.”

एवढं बोलून तो धाय मोकलून रडला. मी त्याला घट्ट धरून बसले. बोलला एकदाचा, मला तेवढंच पुरे होतं.

तासाभराने मी सासूबाईंना फोन लावला, आनंदाने सगळं सांगितलं. 

“आई? ऐकताय ना?”

“अगं, खोलीत आम्ही दोघंच होतो... मी कुणालाच सांगितलं नाही गं. मरणाऱ्या माणसाशी खोटं बोलले मी.”

सोमवारी केओला हसत सुटला. उकळलीस? मग त्यात काय उरलं असणार, नुसतं मातकट पाणी!

मंदार आता बोलतो, पण त्या दुपारचं त्याला काहीच आठवत नाही.  आणि सासूबाई दर फोनला, ठेवता ठेवता, विचारतातच —

“त्याला एकदा विचार ना गं... ह्यांना कळलं होतं का, मी खोटं बोलतेय ते?”